कृत्रिम मातीचे दागिने : स्वस्त कशास म्हणावें?

सोन्याचा भाव पाहतां गृहस्थानें घरांत दागिन्यांचा विषय आपण होऊन काढूं नये, असा काळ आला आहे. तथापि हौस ही भाव उतरण्याची वाट पाहत बसत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत अनेक सुशिक्षित घरांतील मुली व सुना यांनीं या अडचणींतून आपली वाट काढली असून, मळलेल्या कणकेसारख्या एका रंगीत पदार्थाचे डूल, मणी, पदकें व आंगठ्या त्या घरच्या घरीं करूं लागल्या आहेत. या पदार्थास बाजारांत ‘पॉलिमर क्ले’ असें म्हणतात. हळदीकुंकवास, सणासुदीस, लग्नकार्यांत हे दागिने आतां वरचेवर दृष्टीस पडतात, आणि ज्यांस ते आवडतात त्या पैसे देऊन मागूनही घेतात. या सदराच्या वाचकभगिनींकडून आम्हांस अलीकडे वारंवार पृच्छा होते ती अशी कीं, ही माती फार महाग पडते, तरी ती स्वस्त कोठें मिळेल?

प्रश्न रास्त आहे. परंतु एखाद्या दुकानाचें नांव सांगून मोकळें होण्याचा आमचा विचार नाहीं. दुकान कळल्यानें फार तर पाकीट स्वस्त मिळेल. दागिना स्वस्त पडेलच असें नाहीं. पाकिटाची किंमत आणि दागिन्याची किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत, व त्यांमधील अंतर ज्या गृहिणीच्या ध्यानांत आलें तिला स्वस्त माती शोधीत फार हिंडावें लागत नाहीं, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. हिला माती म्हणतात खरें, पण हिच्यांत भूमीचा कण नाहीं. घरोघर ज्याचे पाण्याचे नळ असतात तें पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, हेंच हिचें मूळ द्रव्य होय. त्याच्या बारीक भुकटींत तिला मऊ ठेवणारें एक तेलकट द्रव्य, थोडी भरीची पूड आणि रंग इतकें मिसळलें कीं ही ‘माती’ तयार होते. कुंभाराची माती हवेनें वाळते. ही तशी वाळत नाहीं. मंद उष्णता लागली म्हणजे हिचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात, आणि मग ती पाण्यानें भिजत नाहीं कीं विरघळत नाहीं. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, न भाजलेली माती नीट ठेवल्यास पुष्कळ महिने टिकते, म्हणून ती एकदम घेण्यांत धोका थोडा. दुसरी, हिचें सर्व बरेंवाईट उष्णतेवर अवलंबून आहे. या दोन्ही गोष्टींचा पुढें उपयोग होईल.

हिचा जन्म परदेशांतला. जर्मनींत केथे क्रूझे नांवाची बाहुल्या करणारी एक प्रख्यात बाई होऊन गेली. तिच्याकडे आलेला असा एक पदार्थ बाहुल्यांची डोकीं करण्यास उपयोगी पडेना. तो तिच्या मुलीनें हातीं घेतला व त्यापासून मुलांस व हौशी लोकांस आकार घडवितां येतील अशी रंगीत माती तयार केली. त्या मुलीचें लाडकें नांव ‘फिफी’. १९६४ सालीं ही कृति एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेली आणि ‘फिमो’ या नांवानें ती जगभर झाली. पुढें ती श्टेटलर या पेन्सिली करणाऱ्या प्रसिद्ध कंपनीच्या हातीं आली. अमेरिकेंतील ‘स्कल्पी’ची कथा अशीच मौजेची आहे. विजेच्या ट्रान्सफॉर्मरांतील उष्णता बाहेर काढण्यासाठीं तो पदार्थ प्रथम योजिला होता. त्या कामीं तो निरुपयोगी ठरला, आणि कलावंतांच्या कामीं मात्र आला. बेल्जममध्यें होणारी ‘सर्निट’ ही तिसरी जात. या तिन्ही जाती आपल्याकडे येतात त्या बाहेरून. म्हणजे मूळ किंमतीवर जकात, वाहतूक व मधल्या व्यापाऱ्याचा नफा चढतो. आपल्या मुली ज्याला महागाई म्हणतात ती बव्हंशीं येथून सुरू होते.

आतां हिशेबाकडे वळूं. शाळेंत आम्हीं तीसबत्तीस वर्षें जें शिकविलें त्यांतील त्रैराशिकासारखें घरोपयोगी दुसरें कांहीं नाहीं, असें आमचें मत आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या लीलावतींत त्रैराशिकास मानाचें स्थान दिलें आहे, आणि केशर, चंदन, धान्य यांच्या खरेदीविक्रीचीं उदाहरणें देऊन तें समजाविलें आहे. आजच्या लीलावतींनीं तेंच पॉलिमर मातीस लावावें. या मातीची वडी बहुधा ५७ ग्रॅमची असते. हें वजन म्हणजे इंग्रजी दोन औंस. कांहीं जातींत ८५ ग्रॅमची वडी येते, आणि मोठी लादी ४५४ ग्रॅमची, म्हणजे एक पौंडाची, असते. याखेरीज बारा, चोवीस किंवा छत्तीस रंगांच्या कांड्या एका सुबक पेटींत घालून विकतात. या पेट्यांवर रंगांची संख्या ठळक असते व वजन बारीक अक्षरांत असतें. पाहणाराचा डोळा संख्येवर जातो. तो वजनावर गेला पाहिजे.

उदाहरणार्थ असें समजा कीं, ५७ ग्रॅमची वडी २८५ रुपयांस आहे, बारा रंगांची एकूण १२० ग्रॅमची पेटी ५४० रुपयांस आहे, आणि ४५४ ग्रॅमची लादी १,८१६ रुपयांस आहे. (हे आंकडे गणितासाठीं घेतले आहेत, बाजारभाव ज्या त्या दिवशीं पाहावा.) वडीची माती ग्रॅमास पांच रुपये पडली, पेटीची साडेचार, व लादीची चार. म्हणजे जी वस्तु दुकानांत सर्वांत महाग दिसली तीच सर्वांत स्वस्त निघाली. येथेंच थांबूं नये. पेटींतील माती हलकी निघून तिचा चवथा हिस्सा चुरा होण्यांत किंवा भाजल्यावर तुटण्यांत गेला असें समजा. तर ५४० रुपयांस ९० ग्रॅमच कामास आली, आणि ग्रॅमास सहा रुपये पडले. स्वस्त म्हणून आणलेली पेटी तिघींत अधिक महाग ठरली. म्हणून आम्ही म्हणतों कीं, किंमतीस पाकिटाच्या वजनानें न भागतां टिकाऊ निघालेल्या मालाच्या वजनानें भागावें. स्वस्ताईचा हा एकच भागाकार खरा.

लादी स्वस्त पडते हें ठरलें, पण अठराशें रुपये एकदम घालावे कोणी आणि चवदा रंगांच्या चवदा लाद्या ठेवाव्या कोठें, असा प्रश्न कोणी करील. त्यास दोन उत्तरें आहेत. पहिलें एकत्र कुटुंबाच्या अनुभवाचें आहे. आपल्या घरांत वर्षाचे गहू, तांदूळ व मसाला ज्या तत्त्वावर भरतात त्याच तत्त्वावर तिघीचौघी मैत्रिणींनीं किंवा जावाजावांनीं मिळून एक लादी घ्यावी व तराजूनें वांटून घ्यावी. टपालखर्चही एकदांच पडतो. दुसरें उत्तर रंगांचें आहे. चवदा रंग विकत घेण्याचें कारणच नाहीं. पांढरा, काळा, पिवळा, निळा व किरमिजी हे पांच आणि भाजल्यावर किंचित् दुधी दिसणारा पारदर्शक असे सहा प्रकार घरांत असले कीं बाकीचे सर्व मळून करतां येतात. पिवळ्यांत निळ्याचा चिमूटभर गोळा मिसळला कीं पोपटी, पिवळ्यांत किरमिजी मिसळला कीं केशरी, आणि कोणत्याही रंगांत पांढरा घातला कीं त्याची फिकी छटा. पांढरा सर्वांत अधिक लागतो, म्हणून लादी घ्यावयाची ती पांढऱ्याची. इतर रंगांच्या लहान वड्या पुरतात. मिश्रणाचें प्रमाण मात्र ग्रॅमांत लिहून ठेवावें, नाहीं तर तुटलेल्या डुलास जोडीदार त्याच रंगाचा पुन्हां होणार नाहीं.

खरेदी कोठें करावी? पुण्यांत रविवार पेठ व बोहरी आळी, मुंबईंत भुलेश्वर व अब्दुल रहमान स्ट्रीट या भागांत दागिन्यांच्या कड्या, हुक, मणी, तारा इत्यादि साहित्य ठोक भावानें मिळतें, आणि तें तेथूनच घ्यावें. शंभर हुकांचा भाव व दहा हुकांचा भाव यांत मोठें अंतर असतें. मातीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती जेथें लवकर खपते तेथून घ्यावी, कारण कांचेच्या कपाटांत उन्हासमोर वर्ष काढलेली वडी भाव कमी करून दिली तरी घेण्यालायक नसते. दुकानांत वडी वेष्टनावरून अंगठ्यानें दाबून पाहावी. ती दबली पाहिजे. दगडासारखी लागली किंवा कडेस भुगा दिसला तर ती ठेवून द्यावी. इंटरनेटवरील दुकानांतून मागवावयाची झाल्यास चैत्रवैशाखांत मागवूं नये. उन्हांत तापलेल्या गाडींत ही माती अर्धवट भाजल्यासारखी होते, आणि मग ती मळतां मळत नाहीं. आश्विनापासून माघापर्यंतचे दिवस या खरेदीस उत्तम होत.

अनोळखी जातीची माती स्वस्त मिळत असेल तर तिला एकदम नाकारूं नये. परंतु परीक्षेवांचून सांठाही करूं नये. छांदोग्य उपनिषदांत आरुणीनें श्वेतकेतूस मातीच्या एका गोळ्याचा दृष्टांत दिला आहे. एक गोळा जाणला कीं मातीचें सर्व कांहीं जाणलें जातें. त्या ऋषीच्या मनांत याहून फार खोल अर्थ होता हें उघड आहे, तथापि बाजारहाटासही तो दृष्टांत लागू पडतो. एकच वडी आणावी, तिची दोन मिलिमीटर जाडीची बोटभर पट्टी लाटावी, पाकिटावरील सूचनेबरहुकूम भाजावी, पूर्ण थंड होऊं द्यावी आणि मग वांकवून पाहावी. चांगली माती धनुष्यासारखी वांकते व सोडली कीं सरळ होते. वाईट माती पापडासारखी मोडते. मोडली तर त्या मातीचे नाजूक डूल करूं नयेत. जाड मणी करण्यास ती चालेल. पन्नास ग्रॅमांच्या खर्चांत पुढील पांचशें ग्रॅमांचा निकाल लागतो.

आतां भाजण्याविषयीं. दागिना तुटला म्हणजे दोष मातीस दिला जातो. पुष्कळदां तो ओव्हनाचा असतो. फिमोस ११० अंश व स्कल्पीस १३० अंश सेल्सिअस असें तापमान उत्पादकांनीं सांगितलें आहे, आणि वेळ साधारण अर्धा तास. घरगुती लहान ओव्हनाच्या बटणावर जो आंकडा असतो तो आंतील उष्णतेशीं जुळेलच अशी खात्री नसते. दहावीस अंशांचा फरक सहज पडतो. उष्णता कमी पडली तर वरून घट्ट दिसणारा दागिना आंतून कच्चा राहतो व महिन्याभरांत तुटतो. जास्त झाली तर रंग करपतो, आणि फारच वाढली तर पीव्हीसीचें विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा घसा व डोळे झोंबविणारा वायु निघतो. याकरितां ओव्हनांत ठेवण्याचा एक स्वतंत्र तापमापक विकत घ्यावा. त्याची किंमत एकदांच द्यावी लागते, आणि वांचलेल्या मातींत ती लवकरच भरून निघते. ओव्हन आधीं तापवून घ्यावा, दागिने गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर ठेवावे, वरून ॲल्युमिनियमच्या कागदाचें सैल झांकण घालावें व खिडक्या उघड्या ठेवाव्या. मायक्रोवेव्हच्या नेहमींच्या पद्धतीनें ही माती भाजूं नये.

येथें आपल्या घरांतील एक जुनी संवय फार उपयोगी पडते. सोवळ्याची भांडीं वेगळीं ठेवण्याचा कटाक्ष आजच्या पिढीस जाचक वाटतो. पण पॉलिमर मातीच्या बाबतींत उत्पादकही हेंच सांगतात कीं, जें लाटणें, जी सुरी, जें ताट या कामास एकदां लावलें तें पुन्हां अन्नास लावूं नये. मातीस मऊ ठेवणारें द्रव्य भांड्यांस लागून राहतें. तेव्हां जुनें लाटणें व जुनी पाटी मातीकडे कायमची द्यावी, व शक्य असल्यास लहान ओव्हनही निराळा असावा. तो नसेल तर झांकणाच्या डब्यांत दागिने बंद करून भाजावे, व नंतर ओव्हन थंड झाल्यावर स्वच्छ पुसून घ्यावा.

सांठवणीसही नियम आहे. काचेसारख्या पारदर्शक व कडक प्लास्टिकच्या डब्यांत ही माती ठेवली तर मातींतील तेलकट द्रव्य त्या प्लास्टिकास खातें, डबी चिकट होते व माती बिघडते. डबीच्या बुडाशीं त्रिकोणांत आंकडा असतो. ५ असेल ती डबी चालते, ६ असेल ती चालत नाहीं. जुनी माती कडक झाली असल्यास फेंकूं नये. तिचे बारीक तुकडे करून हातांच्या उबेनें मळावी, ताज्या मऊ मातीचा थोडा अंश तींत मिसळावा, किंवा तिला मऊ करणारें जें द्रव्य त्याच कंपन्या विकतात त्याचे दोनचार थेंब घालावे. अर्धवट भाजून भुगा झालेली माती मात्र परत येत नाहीं. मोठ्या मण्यांच्या पोटांत माती भरण्याचेंही कारण नाहीं; ॲल्युमिनियमच्या कागदाचा घट्ट गोळा आंत ठेवून वरून मातीचा पातळ थर द्यावा. मणी हलका होतो व मातीचा खर्च पुष्कळ घटतो. निरनिराळ्या रंगांचे उरलेसुरले तुकडे एकत्र मळले कीं मातकट रंग येतो. तो वरून शोभत नाहीं, पण पोटांत भरण्यास उत्तम.

याहूनही स्वस्त पर्याय हवा असेल त्यांच्यासाठीं दोन मार्ग आहेत. पहिला, ज्यास परदेशांत ‘कोल्ड पोर्सिलेन’ म्हणतात तो. एक वाटी कॉर्नफ्लोर (भाकरीचें मक्याचें पीठ नव्हे), एक वाटी फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक, एक मोठा चमचा खनिज तेल व तेवढाच लिंबाचा रस एकत्र करून, टाकाऊ भांड्यांत मंद आंचेवर ढवळीत राहावें. मोदकाची उकड जशी भांड्याच्या कडा सोडून गोळा होते तसा हा गोळा झाला कीं उतरवावा व कोमट असतांना मळावा. भाजण्याची गरज नाहीं. दोनतीन दिवसांत, जाड असल्यास त्याहून अधिक काळांत, तो हवेनेंच कडक होतो. खर्च फार थोडा. परंतु वाळतांना तो आंखडतो, म्हणून माप थोडें मोठें धरावें लागतें; आणि पावसाळ्यांत दमट हवेनें मऊ पडण्याची व बुरशी येण्याची भीति असते, म्हणून वर वॉर्निश हवेंच. दुसरा मार्ग खऱ्या मातीचा. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर भाजक्या मातीच्या बांगड्या व मणी सांपडले आहेत. म्हणजे हा दागिना आपल्या भूमींत चार हजार वर्षांहून जुना आहे. पण ही माती घरच्या ओव्हनांत पक्की होत नाहीं, नुसती वाळते. तिला सहाशें अंशांच्या वर भट्टी लागते, व ती कुंभाराकडेच मिळावयाची. जवळ कुंभारवाडा असेल त्यांनीं अवश्य विचारावें.

इतकें सांगून आम्हीं लेखणी खालीं ठेवली असती; परंतु स्वस्त मातीच्या मागें लागलेल्या बहुतेक भगिनींची खरी तूट मातींत नसते, हें आमच्याच घरांतील एका वहीवरून आमच्या ध्यानांत आलें आहे. आमच्या धाकट्या पुतण्याची पत्नी हे दागिने करते. तिची आई माहेरीं एकटी असते, औषधें नेहमींचीं. त्या औषधांस आपल्या हातच्या कमाईंतून, कोणाजवळ न मागतां, दरमहा कांहीं पाठवावें एवढाच तिचा हेतु. वर्ष झालें तरी पाठविण्याजोगें कांहीं शिल्लक पडेना. गेल्या मार्गशीर्षांत ती आम्हांस म्हणाली, “मामंजी, माती थोडी स्वस्त मिळाली असती तर निभलं असतं. नाहीं तर आतां हें सोडूनच द्यावं म्हणतें.”

आम्हीं तिची वही मागवली. एका जोडाचा हिशेब असा : माती आठ ग्रॅम, पांच रुपये दरानें ४० रुपये, हुक व कड्या १० रुपये, पुठ्ठा व डबी १५ रुपये, वीज व वॉर्निश ५ रुपये, एकूण ७०. जोड विकला १०० रुपयांस. शिल्लक ३०. त्यांतून तुटफूट, आणि आप्तेष्टांस फुकट दिलेले जोड. वही नीटनेटकी होती, पैन् पैचा जमाखर्च होता. एकच रकाना नव्हता. आम्हीं विचारलें, “या जोडास वेळ किती लागला?” ती म्हणाली, “दोन तास. पण तो काय, दुपारचा रिकामा वेळ.”

आमच्या वहिनी, म्हणजे तिच्या सासूबाई, तेथेंच निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हौसेचा का कुणी तास लावतं?” त्यांच्या बोलण्यांत दुष्टावा मुळींच नव्हता. सबंध आयुष्य त्यांनींही दुपारीं रिकाम्या वेळांतच पापड, सांडगे, गोधड्या केल्या, आणि त्यांची किंमत कोणी लावली नाहीं. त्यांनींही लावली नाहीं.

आम्हीं पाटीवर गणित मांडलें. माती चार रुपये ग्रॅमानें मिळाली तर जोडामागें वांचतात आठ रुपये. ज्या आठ रुपयांसाठीं सूनबाई वर्षभर दुकानें धुंडाळीत होती, त्याच जोडांत तिचे दोन तास पंधरा रुपये तासानें जात होते. तासाला साठ रुपये धरले, तर दोन तासांचे १२०, व साहित्याचे ७०, मिळून १९० रुपये किंमत होते. ती म्हणाली, “इतके कोण देईल?” रास्त शंका. मग वेळ कोठें जातो तें पाहिलें. प्रत्येक जोडास ती निराळा रंग मळीत होती, निराळें लाटीत होती, ओव्हन निराळा तापवीत होती. सहा जोडांचा रंग एकदम मळला, एकाच लाटीवर सहाही कापले व एकदांच भाजले, तर जोडामागें सव्वा तास पुरतो असें तिनें स्वतःच करून पाहिलें. सव्वा तासाचे ७५ व साहित्याचे ७० मिळून १४५. किंमत ठेवली १५०. पांच रुपये तुटफुटीस.

भाव वाढल्यावर कांहीं गिऱ्हाइकें गेलीं, हें खरें. पूर्वीं महिन्यास वीस जोड जात, आतां चवदा जातात. परंतु वीस जोडांचे ६०० रुपये शिल्लक पडत, त्यासाठीं चाळीस तास लागत, आणि फुटलेल्या व फुकट गेलेल्या जोडांत त्यांतलेही पुष्कळ जात. आतां साडेसतरा तासांत मजुरीचे १,०५० रुपये पडतात. फुकट द्यावयाचे जोडही ती आतां वहींत ‘देणगी’ म्हणून मांडते. मांडल्यामुळें ते आपोआप थोडे झाले. माती ती पूर्वींच्याच भावानें घेते. पौष महिन्यापासून आईकडे पैसे जाऊं लागले. वहिनींनीं यावर भाष्य केलें नाहीं. मात्र दुपारीं दोन ते चार या वेळांत सुनेस हांक मारणें त्यांनीं सोडलें आहे, आणि चहा त्या स्वतः ठेवतात.

सर्वांनींच दागिने विकावे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांस केवळ हौसेखातर करावयाचे त्यांनीं वेळ मोजूं नये. हौसेचा आनंद हाच तिचा मोबदला होय. परंतु ज्या क्षणीं दागिन्यास किंमत लावली त्या क्षणीं ती हौस राहिली नाहीं, तो उद्योग झाला. आणि उद्योगांत जो हात राबतो त्याची मजुरी प्रथम धरावयाची असते. सोनार सोन्याचा भाव सांगून वर घडणावळ निराळी घेतो, व आपण ती मुकाट्यानें देतों. घरच्या लेकीसुनांच्या घडणावळीचें मोल मात्र आपल्याच घरांत शून्य धरलें जातें, आणि मग ती शून्यता भरून काढण्यासाठीं त्या बिचाऱ्या मातींत चार-आठ रुपये वांचविण्याची धडपड करतात.

तेव्हां ज्या भगिनी हा उद्योग करीत असतील त्यांनीं आज एवढेंच करावें. वजन पाहून माती घ्यावी, पट्टी भाजून पारखावी, तापमापक आणावा. आणि वहींत माती, हुक, डबी यांच्या वर, सर्वांच्या आधीं, ‘माझी मजुरी’ असा एक रकाना आंखावा. घरांतील वडील माणसांनीं तो रकाना पाहून हंसूं नये, इतकी त्यांस आमची नम्र विनंति आहे.